विष्णू वासुदेव नारळीकर

विष्णू वासुदेव नारळीकर (२६ सप्टेंबर, १९०८, कोल्हापूर – १ एप्रिल, १९९१, पुणे) हे सापेक्षता सिद्धांताचे अभ्यासक व गणिताचे प्राध्यापक होते. भारतात व्यापक सापेक्षतेच्या संशोधनाची परंपरा रुजविणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे त्यांचे पुत्र होत.

शिक्षण

मुंबईत विज्ञानाची पदवी घेऊन नारळीकर १९२८ मध्ये केंब्रिजला गेले. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते विशेष प्रावीण्यासह रँग्लर झाले. पुढे त्यांना आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती व रॅले पारितोषिक मिळाले.

विश्वरचनाशास्त्रातील तो स्थित्यंतराचा काळ होता. विश्व स्थिर राहावे म्हणून आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपल्या समीकरणांत एक वैश्विक स्थिरांक घातला होता. दूरच्या दीर्घिका अधिक वेगाने दूर जातात, हे १९२९ मध्ये हबल यांनी दाखविले. असे स्थिर विश्व टिकूच शकत नाही, हे पुढच्याच वर्षी केंब्रिजचे एडिंग्टन यांनी सिद्ध केले.

बनारस

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून १९३२ मध्ये नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. सापेक्षता पडताळण्याची साधने त्या काळी मोजकी होती. त्यामुळे हा विषय भौतिकीच्या मुख्य प्रवाहाबाहेर पडला होता. तरीही नारळीकरांनी आइन्स्टाइन यांच्या समीकरणांची अचूक उत्तरे शोधण्याचे काम सुमारे अठ्ठावीस वर्षे चालू ठेवले.

प्रल्हाद चुनीलाल वैद्य १९४२ मध्ये त्यांच्याकडे सुमारे दहा महिने संशोधनासाठी राहिले. प्रकाश न देणाऱ्या गोलाकार वस्तूभोवतीचे गुरुत्वक्षेत्र श्वार्झशिल्ड यांनी मांडले होते. प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्यासाठीचे उत्तर वैद्य यांनी शोधले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. के. आर. करमरकर यांच्यासह नारळीकरांनी अवकाशकालाच्या वक्रतेवरही शोधनिबंध लिहिले.

त्यांच्या पत्नी सुमती संस्कृतच्या जाणकार होत्या. मुलांसाठी घरात फळे लावले होते. त्यावर मामा मोरेश्वर हुजूरबाजार भाच्यासाठी गणिताची कोडी लिहून ठेवीत.

उत्तरायुष्य

१९६० मध्ये बनारस सोडल्यावर नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६६ पासून १९७३ पर्यंत ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक होते.

महत्त्व

त्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, १९९८ मध्ये, दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वप्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले. यामागील अज्ञात कारणास कृष्ण ऊर्जा म्हणतात. जुना वैश्विक स्थिरांक हे तिचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण होय. तो खरा असेल, तर कृष्ण ऊर्जेची घनता काळानुसार बदलता कामा नये. हे तपासण्यासाठी दीर्घिकांच्या वितरणात उमटलेले सुमारे पन्नास कोटी प्रकाशवर्षांचे अंतर मोजपट्टी म्हणून वापरतात. निरनिराळ्या काळांतील प्रसरण त्यावरून कळते. अमेरिकेतील किट पीक येथील डेसी प्रकल्पाच्या २०२४ व २०२५ मधील निष्कर्षांत ही ऊर्जा क्षीण होत असावी असे संकेत आहेत. मात्र ते अद्याप निर्णायक नाहीत. नारळीकरांच्या विद्यार्थिदशेत ज्या स्थिरांकाची आवश्यकताच संपल्यासारखी वाटली, तोच अशा रीतीने पुन्हा कसोटीला लागला आहे. निरीक्षणांचा आधार तुटपुंजा असताना त्यांनी भारतात जपलेले सापेक्षतेचे गणितच या मोजमापांचा अर्थ लावण्याच्या मुळाशी आहे.