पितळी पुंगळी आणि हॅरी पोप

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने हादरले आणि पाठोपाठ भडकलेल्या आगीत त्याचा मोठा भाग बेचिराख झाला. त्या आगीत जी असंख्य लहानमोठी दुकाने नष्ट झाली, त्यांत रायफलींच्या नळ्या तयार करणारे एक अगदी नवे दुकानही होते. दुकानाचे मालक हॅरी पोप अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून नुकतेच तेथे आले होते. वय चव्वेचाळीस. भांडवल म्हणजे काय, तर स्वतः जुळविलेली यंत्रे आणि स्वहस्ते घडविलेली हत्यारे. ते सारेच गेले. दुसऱ्या एखाद्याने यानंतर मुकाट्याने नोकरी धरली असती. पोप यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी होती, कारखान्यांतील अनुभव होता. नोकरी मिळणे अवघड नव्हते. परंतु पूर्वेकडे परतून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून हत्यारे घडविण्यास प्रारंभ केला.

हे सारे सुरू झाले होते ते निव्वळ छंद म्हणून. १८६१ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील वॉलपोल येथे जन्मलेल्या पोप यांनी १८८१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेतली. ही संस्था तेव्हा बॉस्टन शहरातच होती. त्यांचे नातलग कर्नल अल्बर्ट पोप हे कोलंबिया सायकलींचे कारखानदार. शिक्षण संपताच तरुण हॅरी त्या धंद्यात शिरले आणि सुमारे वीस वर्षे त्यातच राहिले. दिवसा सायकली आणि उरलेल्या वेळात रायफली, असा हा दुहेरी संसार होता. नेमबाजीची आवड लागली, विकतच्या नळ्यांनी समाधान होईना, म्हणून त्यांनी स्वतःच नळ्या बनविण्यास घेतल्या. १८९० च्या दशकात हार्टफर्ड येथे असताना त्यांच्या नळ्यांची ख्याती नेमबाजांत इतकी पसरली, की नोकरी कोणती आणि छंद कोणता, हे सांगणे कठीण व्हावे.

त्या काळच्या अमेरिकेत जर्मन वंशाच्या स्थलांतरितांनी चालविलेल्या नेमबाजी मंडळांचा मोठा बोलबाला होता. ‘शुत्झेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धांत नेमबाज उभा राहून दोनशे यार्डांवरील, म्हणजे सुमारे १८३ मीटरवरील लक्ष्यावर गोळ्या झाडीत असे. लक्ष्यावर पंचवीस वर्तुळे असत आणि सर्वांत आतल्या वर्तुळाचा व्यास अवघा दीड इंच. एवढ्या अंतरावरून ते वर्तुळ नुसत्या डोळ्याला दिसतही नाही. येथे हाताइतकीच नळीची परीक्षा होते.

पोप यांचा सारा विचार गोळीच्या बुडाभोवती फिरत होता. शिशाच्या गोळीचे टोक थोडेसे चेपले तरी फारसे बिघडत नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना तिचे बूड मात्र सर्व बाजूंनी सारखे असावे लागते. ते एका कडेला जरासे फाटलेले असेल, तर मागून येणारा दारूचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी कलते. नेहमीच्या पद्धतीत गोळी पितळी पुंगळीत बसविलेली असते. बार उडताच ती नळीतील सर्पिल खाचांत घुसते आणि कापले गेलेले शिसे मागे बुडाकडे ओढले जाते. पोप यांनी क्रम उलटा केला. त्यांच्या रायफलीत गोळी तोंडाकडून, बूड पुढे करून नळीत शिरते आणि गजाने थेट पुंगळीच्या जागेजवळपर्यंत ढकलली जाते. कापलेले शिसे टोकाकडे सरकते, बूड शाबूत राहते. गोळी सरळ शिरावी म्हणून नळीच्याच टोकाचा कापून काढलेला एक तुकडा खुंट्यांनी तोंडावर बसवीत; गोळी आत गेली, की तो काढून ठेवायचा. ही कल्पना मूळची अल्व्हन क्लार्क यांची. त्यांनी १८४० मध्ये तिचे पेटंट घेतले होते आणि पुढे ते दुर्बिणींच्या भिंगांसाठी जगप्रसिद्ध झाले. भिंग घासणारा आणि नळी घासणारा, हे तसे एकाच जातीचे कारागीर म्हणायचे. हा तुकडा काढावयाचे विसरून चाप ओढला, तर तो उडून जाई. म्हणून पोप त्यावर अशी पट्टी बसवीत, की ती असेपर्यंत नेमच धरता येऊ नये.

गोळी अशी वेगळी भरली, की पुंगळीचे काम उरते ते केवळ दारू आणि टोपी सांभाळण्याचे. याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. नेमबाजाला खोकाभर काडतुसांची गरजच उरली नाही. एकच पुंगळी पुरू लागली. बार काढायचा, पुंगळी बाहेर घ्यायची, वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू भरायची आणि तीच पुंगळी पुन्हा आत सारायची. असे शेकडो वेळा चाले. पुंगळीचे पितळ साधारणपणे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचे असते. बार उडाला, की ते फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही; दाब ओसरला, की किंचित आकसते. एरवी पुंगळीचे तोंड दर वेळी साच्यात दाबून लहान करावे लागते. या दाबण्या-फुगण्याने पितळ कडक होते आणि शेवटी तोंड तडकते. पोप यांच्या पद्धतीत तोंडाने गोळी धरावयाचीच नव्हती, त्यामुळे ते दाबण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय पुंगळी आणि रायफल यांची जोडी कायमची जमलेली असे.

मात्र पुंगळीची निगा राखावी लागे. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते आणि पितळावर हिरवा थर चढवते. म्हणून तिन्हीसांजेला गरम पाणी आणि साबणाने पुंगळी धुऊन कोरडी करणे हा नेमबाजाचा नित्यनेमच झाला. आपल्याकडे चिंच लावून पितळेची भांडी उजळतात. काळवंडलेल्या पुंगळ्यांसाठी व्हिनेगरसारखी सौम्य आम्ले वापरतात, त्यामागील तत्त्व तेच. अमोनिया असलेले पॉलिश मात्र पुंगळीला वर्ज्य. याचा धडा हिंदुस्थानातच मिळाला होता. ब्रिटिश फौजेची पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतारीतून निघणारा अमोनिया ताण असलेल्या पितळाला फोडतो, हे कारण १९२१ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले. पुढे धूररहित दारू आली, तेव्हा आणखी एक वैरी पुढे आला, तो म्हणजे टोपीतील पारा. काळ्या दारूच्या भरपूर राखेत तो विरून जाई. नव्या दारूची राख नाममात्र, त्यामुळे तो थेट पितळात शिरे आणि पुंगळी ठिसूळ होई. कितीही घासले तरी हा दोष जात नसे.

१९०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी फॉल्स येथील स्टीव्हन्स कंपनीने पोप यांची पद्धत विकत घेतली आणि त्यांनाही नोकरीत घेतले. नळ्यांवर दोघांचे जोडनाव उमटू लागले. हे लग्न फार काळ टिकणारे नव्हतेच. कारखान्याला संख्या हवी आणि पोप यांना एकेक नळी. त्यांच्या नळीत आठ खाचा, त्याही डाव्या वळणाच्या आणि तोंडाकडे जाताना पीळ वाढत जाणाऱ्या. कापण्याचे हत्यार प्रत्येक फेरीत नखाच्या धुळीएवढेच पोलाद खरवडे. मग शिशाचा दट्ट्या ओतून, कुरुंदाची पूड लावून आतून घोटाई. या कामाला घाई लावताच ते काम राहत नाही. १९०५ च्या सुमारास ते बाहेर पडले. नाव मात्र कंपनीकडे राहिले आणि त्यांचा हात न लागलेल्या नळ्याही त्या नावाने विकल्या गेल्या. भूकंपात गेलेल्या यंत्रांपेक्षा हा घाव खोल असावा, असे आम्हास वाटते. यंत्रे त्यांना पुन्हा घडविता आली.

सॅन फ्रान्सिस्कोनंतर काही काळ फिलाडेल्फियात काढून ते न्यूयॉर्कसमोरील जर्सी सिटीत स्थिरावले. मॉरिस स्ट्रीटवरील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी पुढील कित्येक दशके काढली. नळ्या, दस्ते, पत्रे, नियतकालिके यांचे ढीग इतके माजले, की दारापासून कामाच्या बाकापर्यंत जाण्यास जेमतेम एक पाऊलवाट उरली. काम केव्हा होईल याचे वचन मिळणार नाही आणि घाई असेल त्याने आपली वस्तू परत न्यावी, अशा आशयाची पाटीच त्यांनी लावली होती. गिऱ्हाइके वर्षानुवर्षे थांबत, कुरकुरत आणि तरीही येत. डॉ. फ्रँकलिन मान यांनी गोळीच्या उड्डाणावर जे प्रदीर्घ प्रयोग केले आणि १९०९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले, त्यांसाठीही पोप यांच्या नळ्या वापरल्या गेल्या. लुसियन केरी यांनी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मधील आपल्या कथांत जे. एम. पाइन नावाचा जो विक्षिप्त कारागीर रंगविला, तो पोप यांच्यावरूनच. त्या कथांमुळे ज्यांनी कधी रायफल हाती धरली नाही, त्यांनाही हा म्हातारा ओळखीचा झाला.

दरम्यान खेळच बदलला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर जर्मन मंडळांविषयी संशय वाढला आणि शुत्झेन स्पर्धांची रया गेली. सैन्याची रायफल, तांब्याचे कवच चढविलेली गोळी आणि धूररहित दारू यांनी मैदान जिंकले. तोंडाकडून गोळी भरणारी रायफल जुनाट ठरली. पोप यांनी नव्या काळासाठीही नळ्या घडविल्या, पण त्यांची गती तीच राहिली. १९५० मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी ते निवर्तले.

त्यांच्या अखेरच्या काही वर्षांत अमेरिकेत बाकावर रायफल टेकवून नेम साधण्याचा ‘बेंचरेस्ट’ हा प्रकार संघटित होऊ लागला होता. आज त्यातील हौशी मंडळी अक्रोडाच्या टरफलांचा भुगा किंवा मक्याच्या कणसाचा चुरा भरलेल्या यंत्रात पुंगळ्या फिरवून उजळतात, टोपीच्या खळगीतील काजळी खरवडून काढतात, तोंडाची जाडी सर्व बाजूंनी सारखी करतात. काडतुसांची पेटी मात्र त्यांपैकी पुष्कळांजवळ नसतेच. निवडलेल्या मोजक्याच पुंगळ्या घेऊन ते मैदानावर येतात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये, तेथेच बाकावर बसून, त्याच पुन्हा भरतात.