टाकळीचे शंख आणि हिस्लॉप

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव विदर्भात घरोघरी ठाऊक आहे. मात्र ज्या गृहस्थांचे ते नाव, त्यांनी टाकळीच्या माळावर काय शोधले, हे फारसे कोणी सांगत नाही. स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ साली ते नागपुरात आले ते धर्मप्रसारक व शिक्षक म्हणून. शाळा हे त्यांचे काम होते. दगड पाहणे हा फावल्या वेळचा छंद.

१८५१ साली सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळीच्या बाजूस हिंडत असता काळ्या पाषाणाच्या सान्निध्यातील थरात गोड्या पाण्यातले शंख त्यांच्या दृष्टीस पडले. असे शंख घरी नेऊन मेजावर मांडण्यापर्यंतच हौशी माणसाची मजल बहुधा जाते. या दोघांनी मात्र शंख कोणत्या गावी, कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने सापडला हेही टिपले. थरापासून तुटलेला जीवाश्म म्हणजे तारीख नसलेली हुंडी. तिचे मोल कोण ठरवणार? नागपूर परिसराच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांगली येथील एका प्राचीन उभयचराची कवटी स्वतःच ओळखण्याचे धाडस त्यांनी केले नाही. ती रिचर्ड ओवेन यांच्यापुढे गेली आणि त्यांनी तिला ब्रॅकिओप्स हे नाव दिले. आपल्या ज्ञानाची सीमा ओळखणे हा गुण व्यावसायिकांतही दुर्मीळच.

हिस्लॉप चुकलेही. १८६० च्या निबंधात त्यांनी हे थर तृतीयक कालखंडात घातले. आज त्यांचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे, म्हणजे क्रिटेशस युगाच्या अखेरचे, मानले जाते. लाव्हाच्या दोन उद्रेकांमधील शांत काळात येथे तळी होती, त्यांतला हा गाळ. परंतु स्थळाची नोंद शाबूत होती, म्हणूनच पुढच्यांना अनुमान दुरुस्त करता आले. खंत वाटते ती वेगळीच. त्यांचे महत्त्वाचे नमुने लंडनला गेले आणि तेथेच राहिले. ज्या मातीतून ते निघाले, तेथील विद्यार्थ्याला ते चित्रातच पाहावे लागतात. तो काळ परकी सत्तेचा होता, आणि नागपुरात तेव्हा ते सांभाळणारी संस्था नव्हती, हेही खरे.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पुराने फुगलेला नाला ओलांडताना हिस्लॉप बुडाले. घोडा तेवढा स्वाराविना परतला. वय अवघे ४५. गोंड व अन्य आदिवासी समाजांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केली. कॉलेज निघाले ते १८८३ साली. टाकळी आता नागपूर शहराच्या पोटात गेली आहे.