छंद, संसार आणि दादासाहेब फाळके

कांदिवलीहून चर्चगेटच्या दिशेने निघाले की मालाड आणि त्यानंतर गोरेगाव. या दोन स्थानकांच्या अंतरावर, आरेच्या हिरवाईलगत उभी असलेली दादासाहेब फाळके चित्रनगरी कांदिवली-बोरिवलीतील असंख्य तरुणांचे स्वप्न आहे. चारकोप, ठाकूर संकुल, महावीर नगर या वसाहतींमधून अभिनय, छायाचित्रण, संगीत वा रेखाटनाचा छंद जोपासणारे अनेक जण सकाळची लोकल पकडून कचेरी गाठतात. नोकरी सोडून आवडीच्या कलेवरच चरितार्थ चालवावा का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून असतो. ज्यांचे नाव या चित्रनगरीला दिले आहे, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापुढेही हाच प्रश्न होता आणि तो एकदा नव्हे, तर अनेकदा उभा राहिला. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांचा गौरव सर्वश्रुत आहे. या गौरवामागचा संसाराचा हिशेब मात्र तितकासा सांगितला जात नाही.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी फाळके यांचा जन्म झाला. वडिलांची परंपरा पौरोहित्याची आणि संस्कृत अध्ययनाची. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच छायाचित्रण व मूर्तिकामाचे धडे गिरवले. जादूचे प्रयोगही त्यांनी आत्मसात केले. हौशी माणसाला हवे असते ते सारे त्यांच्यापाशी होते. प्रश्न होता तो पोट भरण्याचा.

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. छायाचित्र काढले की आयुष्य कमी होते, अशी लोकसमजूत असण्याचा तो काळ. धंद्याचा जम बसला नाही आणि प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गमावण्याचा आघात त्यांच्यावर झाला. नाटक मंडळींसाठी पडदे रंगवण्याचे कामही त्यांनी केले. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना सरकारी नोकरी मिळाली. आजच्या भाषेत सांगायचे तर छंद आणि पगार यांचा मेळ बसला. सामान्य माणूस येथे स्थिरावला असता. फाळके यांनी मात्र स्वदेशी चळवळीच्या वातावरणात ही नोकरी सोडली.

पण नोकरी सोडून ते थेट चित्रपटाकडे वळले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हाती असलेल्या कौशल्याला बाजारात मागणी कोठे आहे, हे त्यांनी आधी पाहिले. प्रथम लोणावळ्यात आणि नंतर दादरला त्यांनी ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रसामग्री मिळवण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. कारखान्याचा लौकिक वाढला, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके त्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरात मुलेबाळे आणि हाती उत्पन्नाचे साधन नाही, अशी ही स्थिती होती.

याच सुमारास गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणाव्यात, या ध्यासाने त्यांना झपाटले. रात्रंदिवसच्या अभ्यासाने डोळ्यांवर ताण येऊन त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. तरीही त्यांचा निर्णय पक्का होता. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी असलेल्या यशवंतराव नाडकर्णी या स्नेह्यांकडे त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवली आणि कर्ज उचलले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी लंडनला प्रयाण केले. तेथे छायाचित्रणाचा कॅमेरा व अन्य सामग्रीची व्यवस्था करून आणि चित्रपटनिर्मिती प्रत्यक्ष पाहून दोन महिन्यांत ते परतले.

या टप्प्यावर फाळके यांनी जे केले, ते आजच्या होतकरू कलावंताने अभ्यासावे असे आहे. मोठ्या चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि ज्या धंद्याचे नावही लोकांनी ऐकलेले नव्हते, त्यात पैसा गुंतवण्यास कोणी तयार होणे कठीण होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे महिन्याभराहून अधिक काळ टिपत जाऊन अवघ्या मिनिटभराचा चित्रपट तयार केला. अंकुर फुटून वेल वर चढताना पडद्यावर पाहिल्यावर नाडकर्णी यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शवली. धाडसाआधी त्यांनी नमुना दाखवला होता.

तरीही पैसा पुरला नाही आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. दादरच्या घरात कलाकारांसह साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनीच रांधला. अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभे राहणे, ही कामेही त्यांनी केली. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके या तरुणाला उभे करण्यात आले. सुमारे ३,७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला.

येथेच कथा संपली असती, तर छंदाचा धंदा करण्याचा सल्ला कोणीही बेधडक दिला असता. पुढचा भाग मात्र वेगळा आहे. फाळके यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट आले. १९१४ मध्ये त्यांनी आपले चित्रपट लंडनमध्ये दाखवले आणि त्यांच्या तांत्रिक सफाईची तेथे प्रशंसा झाली. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले, भांडवलाचे ओघ आटले आणि कारखाना संकटात सापडला. १९१७ च्या ‘लंकादहन’ला प्रचंड उत्पन्न मिळाले. त्या यशामुळे भांडवलदार पुढे आले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली.

आर्थिक चिंता मिटली, पण निर्णयाचे स्वातंत्र्य आकुंचित झाले. खर्चाचा तपशील मागणारे भागीदार आणि चित्र मनासारखे होईपर्यंत खर्चाची पर्वा न करणारा कलावंत यांचे जुळणे अवघडच होते. फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास ते कंपनीत परतले. तोवर नवे दिग्दर्शक पुढे आले होते आणि काही वर्षांत बोलपट अवतरला. १९३२ चा ‘सेतुबंधन’ मूकपटांचा काळ मावळत असताना तयार झाला. कोल्हापुरात केलेला, १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपटही ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला त्या उद्योगाच्या वैभवात त्यांचा वाटा उरलेला नव्हता.

१९६९ मध्ये त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. आज चित्रनगरीच्या फाटकावर त्यांचे नाव झळकते. तेवढे पाहून नोकरीचा राजीनामा लिहिणे जसे अपुऱ्या माहितीवर आधारलेले ठरेल, तसेच त्यांच्या अखेरच्या वर्षांकडे बोट दाखवून मुलाच्या हातातला कॅमेरा काढून घेणेही. फाळके यांच्या चरित्रातून दोन्ही बाजूंचा हिशेब हाती येतो. कौशल्य त्यांनी आधी कमावले, त्यावर पोट भरून पाहिले, छोटा नमुना सिद्ध केला आणि मगच कर्ज वाढवले. मात्र आलेले उत्पन्न पुढच्या चित्रात ओतताना घरासाठी राखीव गाठ बांधली नाही आणि भांडवल स्वीकारताना अधिकाराची वाटणी नीट केली नाही. ही उणीव त्यांना महागात पडली.

आणखी एक गोष्ट या चरित्रातून निःसंदिग्धपणे दिसते. विमा आणि दागिने गहाण टाकण्याचा निर्णय एकट्या दादासाहेबांचा नव्हता. सरस्वतीबाईंनी होकार दिला, एवढेच नव्हे तर स्वतः राबून त्या निर्णयाची किंमत मोजली. छंदावर जगावे की नाही, याचे उत्तर शोधताना प्रत्येकाने हा होकार आपल्या घरातून आधी मिळवला पाहिजे, आणि तो देणाऱ्याला हिशेबाची वहीही उघडून दाखवली पाहिजे.