प्लगइनमधला काळा डबा आणि तो बनवणारा माणूस: बिल पटनम

तुम्ही घरी गाणं रेकॉर्ड करून मिक्स करत असाल, तर एक चित्र तुमच्या स्क्रीनवर कधी ना कधी आलंच असेल. काळ्या रंगाची आडवी पट्टी, डावीकडे दोन मोठे नॉब, त्यांच्या शेजारी दोन छोटे, मग उभ्या रांगेत चार बटणं आणि बाजूला सुई हलणारा मीटर. प्लगइनच्या नावात बऱ्याचदा ७६ हा आकडा असतो. कंपन्या वेगवेगळ्या, पण चेहरा एकच.

मी घरच्या छोट्या सेटअपवर मित्रांची गाणी मिक्स करतो आणि जवळपास प्रत्येक गाण्यात हा डबा वापरतो. आज त्याची सेटिंग्ज सांगणार आहेच, पण आधी तो बनवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. त्यांचं नाव बिल पटनम. ही गोष्ट माहीत असेल तर नॉब पाठ करावे लागत नाहीत, कशासाठी आहेत ते समजतं.

कंप्रेसर म्हणजे काय, एका मिनिटात

आधी एक गोंधळ दूर करू. फाइलची साइज कमी करणारं कॉम्प्रेशन वेगळं. इथला कंप्रेसर आवाजाचा चढउतार कमी करतो.

समजा, गायिका धृवपद हळू गाते आणि अंतऱ्यात वरचा सूर जोरात लावते. हळू शब्द वाद्यांखाली दबतात, जोराचे कानात घुसतात. पूर्वी इंजिनियर व्हॉल्यूमवर बोट ठेवून बसायचा. आवाज चढला की खाली, उतरला की वर. कंप्रेसर हेच काम स्वतः करतो. किती जोरापासून दाबायला सुरुवात करायची, तो थ्रेशोल्ड. किती दाबायचं, तो रेशो. ४:१ म्हणजे मर्यादेवर ४ डेसिबल गेलेला आवाज १ डेसिबलच वर जाऊ द्यायचा. किती लवकर दाबायचं तो अटॅक, किती लवकर सोडायचं तो रिलीज. कुठल्याही कंप्रेसरमध्ये मुख्य हिशोब एवढाच.

रेडिओचं वेड आणि गाण्याची हौस

बिल पटनम यांचा जन्म १९२०चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. शाळेत असतानाच त्यांना हॅम रेडिओचं वेड लागलं. रेडिओ दुरुस्त करायचे आणि शनिवार-रविवारी नाचगाण्याच्या बँडबरोबर गायचेही. म्हणजे सर्किटही कळतं आणि माइकसमोर उभं राहिल्यावर काय होतं तेही कळतं, असा हा माणूस.

१९४६ साली त्यांनी शिकागोजवळच्या इव्हान्स्टनमध्ये युनिव्हर्सल रेकॉर्डिंग हा स्टुडिओ काढला. पुढच्याच वर्षी तो शिकागोच्या सिव्हिक ऑपेरा इमारतीत हलवला. तिथे १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या माउथऑर्गन वाजवणाऱ्या त्रिकुटाचं एक रेकॉर्डिंग झालं. पटनम यांनी इमारतीतल्या बाथरूममध्ये एक स्पीकर आणि एक माइक ठेवला. स्टुडिओतला आवाज स्पीकरमधून तिथे सोडायचा, फरशांवर घुमलेला आवाज माइकने पकडायचा आणि हवा तेवढा मूळ आवाजात मिसळायचा. ती रेकॉर्ड प्रचंड गाजली. आज तुम्ही रिव्हर्बचा स्लायडर सरकवता, तेव्हा त्या बाथरूमचीच पुढची पिढी वापरत असता.

त्याच वर्षी त्यांनी पॅटी पेज या गायिकेचं एक गाणं असं रेकॉर्ड केलं, की मुख्य आवाजही तिचा आणि त्याला उत्तर देणारा आवाजही तिचाच. आधी गायलेलं वाजवायचं आणि त्यावर तिने पुन्हा गायचं. आज मोबाइलवर आपण दुसरा ट्रॅक उघडतो, तसंच हे. फरक इतकाच, की तेव्हा दुसरा ट्रॅक नावाची सोयच नव्हती.

स्वतःच्या खिशातून स्टिरिओ

१९५७ मध्ये पटनम हॉलीवूडला गेले. फ्रँक सिनात्रा आणि बिंग क्रॉसबी यांच्यासारखे मोठे गायक त्यांच्या पाठीशी होते. सनसेट बुलेव्हार्डवर त्यांनी युनायटेड रेकॉर्डिंग उभं केलं आणि पुढे शेजारचा वेस्टर्न स्टुडिओही घेतला.

त्या काळात बाजार मोनोचा होता, म्हणजे एकाच स्पीकरचा. स्टिरिओसाठी जास्तीचे पैसे मोजायची रेकॉर्ड कंपन्यांची तयारी नव्हती. पटनम यांनी मोनोबरोबरच स्टिरिओ रेकॉर्डिंगही समांतर करून ठेवायला सुरुवात केली, खर्च स्वतःचा. थोड्याच काळात स्टिरिओ रेकॉर्डची मागणी आली आणि त्याच कंपन्यांनी पैसे मोजून त्या टेप घेतल्या. हा जुगार फसला असता तर टेपचा तो ढीग त्यांच्याच गळ्यात पडला असता.

स्टुडिओला लागणारी यंत्रंही ते स्वतः बनवायचे. त्यांचा ६१० हा कन्सोल सुट्या भागांचा होता. एखादा भाग बिघडला तर तेवढाच काढून बदलायचा, काम थांबायचं नाही. स्टुडिओचे मालक, यंत्र बनवणारे आणि कन्सोलवर बसून रेकॉर्ड करणारे, तिन्ही तेच. त्यामुळे यंत्रातली खोट सर्वात आधी त्यांनाच भोवायची.

अनडू नसलेल्या काळातला कंप्रेसर

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तेव्हा मोठा बँड आणि गायक एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवत-गात. गायकाने भरात येऊन एक सूर अपेक्षेपेक्षा जोरात लावला, तर टेपवर आवाज फाटायचा. रेकॉर्डची तबकडी कापताना तर खाच रुंद होऊन शेजारच्या खाचेत शिरण्याची भीती. सगळ्यात सुंदर टेक तेवढ्या एका सुरासाठी वाया. पुन्हा सगळ्यांनी वाजवायचं, आणि तो भर परत येईलच याची खात्री नाही.

म्हणून कंप्रेसर गाणं रेकॉर्ड होत असतानाच लावायचा. एकदा दाबलेला आवाज मोकळा करता येत नसे. निर्णय आधी, आवाज नंतर.

पटनम यांचा आधीचा लिमिटर, १७६, व्हॅक्यूम ट्यूबचा होता. १९६७ मध्ये त्यांनी ट्यूबच्या जागी फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, म्हणजे एफईटी वापरला आणि ११७६ तयार झाला. कल्पना साधी आहे. या ट्रान्झिस्टरला दिलेलं व्होल्टेज बदललं की त्याचा रोध बदलतो. म्हणजे विजेने फिरवला जाणारा व्हॉल्यूम नॉबच. बाहेर पडणारा आवाज मोजायचा आणि तो जास्त वाटला की नॉब खाली. एफईटी हे काम अगदी बारीक सिग्नलवरच नीट करतो, म्हणून आवाज आधी कमी करून त्याच्यातून नेतात आणि नंतर परत वाढवतात.

याचा मोठा फायदा वेग. ११७६चा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद आहे आणि रिलीज ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद. अचानक आलेला सूर टेपपर्यंत पोहोचायच्या आत धरता यायला लागला.

२० मायक्रोसेकंद आणि तुमचा लॅपटॉप

आता गंमत बघा. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये साधारणपणे एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे होतात. एक तुकडा सुमारे २३ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे त्या जुन्या डब्याची सर्वात जलद हालचाल आपल्या एका तुकड्यापेक्षाही लहान! ती दोन तुकड्यांच्या मधे घडते. म्हणून अनेक चांगले प्लगइन आवाजाचे आतल्या आत आणखी बारीक तुकडे करतात, त्यावर हिशोब करतात आणि मग परत मूळ मापात आणतात. याला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. असा प्लगइन चार-पाच ट्रॅकवर लावल्यावर लॅपटॉपचा पंखा का ओरडतो, त्याचं एक कारण हे.

पटनम यांना हे बघायला मिळालं नाही. १९८०च्या दशकात त्यांनी कंपनी विकली आणि १९८९ मध्ये ते गेले. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, बिल ज्युनियर आणि जेम्स या त्यांच्या मुलांनी युनिव्हर्सल ऑडिओ हे वडिलांच्या कंपनीचं नाव पुन्हा उभं केलं. जुने डबे परत बनू लागले आणि त्यांचं वागणं गणितात उतरवून प्लगइनही आले. २००० साली पटनम यांना मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

आता नॉब फिरवू

७६ प्रकारच्या प्लगइनमध्ये थ्रेशोल्डचा नॉब नसतो. मर्यादा आत ठरलेली असते. तुम्ही इनपुट वाढवून आवाज तिच्यावर ढकलता. आउटपुट फक्त शेवटचा आवाज ठरवतो. दुसरी खोच म्हणजे इथे अटॅक आणि रिलीज उजवीकडे फिरवले की जलद होतात. मोबाइल ॲपमधल्या साध्या कंप्रेसरमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं, तिथे मिलिसेकंदांचा आकडा वाढला की हालचाल मंद होते.

गाण्याच्या आवाजासाठी मी असं करतो. रेशो ४. अटॅक ३च्या आसपास, म्हणजे शब्दाची सुरुवात स्पष्ट राहते. रिलीज ५ ते ७. मग इनपुट हळूहळू वाढवायचा, जोराच्या शब्दांवर सुई ३ ते ६ डेसिबल मागे जाईपर्यंत. हळू शब्दांवर सुई जागेवर आली पाहिजे. ती कायमच खाली पडून राहिली, तर कंप्रेसर सांभाळत नाहीये, गाणाऱ्याच्या छातीवर बसलाय.

मग प्लगइन बंद-चालू करून बघायचं आणि आउटपुट असा ठेवायचा की दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा वाटेल. ही पायरी सोडू नका. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, त्यामुळे सारखं केल्याशिवाय खरा फरक कळत नाही.

शेवटी हेडफोन लावून दोन शब्दांमधली जागा ऐका. मोठे सूर दाबून सगळं वर उचललं की लहान आवाजही वर येतात. श्वास, पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी. श्वास थोडा ऐकू आला तर मी ठेवतो, माणूस गातोय हे त्यातून कळतं. शिट्टी आली तर इनपुट कमी.

चारही बटणं एकदम दाबायची युक्तीही आहे. त्याने आवाज खरखरीत आणि चिडका होतो. ढोलकीच्या वेगळ्या ट्रॅकवर ती हलकी मिसळली तर मजा येते, पूर्ण गाण्यावर नाही.

प्लगइनमध्ये तयार प्रीसेट भरपूर असतात. पण प्रीसेट बनवणाऱ्याने तुमच्या गायिकेला ऐकलेलं नसतं. तिचा कुठला शब्द निसटतो आणि कुठला टोचतो, हे त्याला कसं कळणार? पटनम यांना तो शब्द टेक चालू असतानाच ओळखावा लागायचा. आपल्याकडे अनडू आहे, हवे तेवढे प्रयोग करा. फक्त प्लगइन उघडण्याआधी गाणं एकदा पूर्ण ऐका आणि कागदावर दोनच गोष्टी लिहा: कुठला शब्द धरायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही. नॉब त्यानंतर.