गतीचा शोधक गॅलिलिओ

धावती मोटार एकाएकी थांबली की आपण पुढे झुकतो. उभी मोटार एकदम सुरू झाली की मागे रेलतो. हा अनुभव आमच्या विद्यार्थ्यांस नित्याचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला नियम ज्याने प्रयोगांनी शोधला, त्या पुरुषाचे चरित्र पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

गॅलिलिओचा जन्म इटलीतील पिसा शहरी इ. स. १५६४ मध्ये झाला. पिता संगीतज्ञ होता. मुलाने वैद्य व्हावे म्हणून पित्याने त्यास विद्यापीठात धाडले; परंतु त्याचे चित्त गणितात रमले आणि पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. पुढे १५९२ पासून अठरा वर्षे तो पादुआ येथे गणिताचा अध्यापक होता.

ढकलणारे बळ थांबले की वस्तूची गतीही आपोआप संपते, असे त्या काळच्या विद्वानांचे मत होते. गॅलिलिओने उतरत्या फळीवरील गुळगुळीत खाचेतून काशाची गोळी सोडली, आणि बारीक धारेने जमलेले पाणी तोलून वेळ मोजली. उतारावर गोळीचा वेग वाढतो, चढावर घटतो. मग सपाटीवर काय व्हावे? घर्षणाचा अडथळा नसेल तर वेग आहे तसाच राहील, असे त्याने ताडले. वस्तूच्या या स्वभावासच आपण जडत्व म्हणतो.

पृथ्वी फिरत असती तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड मागे पडला असता, असा आक्षेप तेव्हा घेत असत. १६३२ च्या ग्रंथात गॅलिलिओने जहाजाचा दाखला दिला. संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत, वर टांगलेल्या भांड्यातून गळणारे थेंब बरोबर खालच्या भांड्यातच पडतात. कारण जहाजाची गती थेंबांच्याही अंगी असते. दगडाचेही तसेच होय.

या ग्रंथाबद्दल १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने त्यास दोषी ठरविले. वृद्ध गॅलिलिओस गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले व उरलेले आयुष्य नजरकैदेत कंठावे लागले. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आम्हांस हे सांगताना मान खाली घालावी लागते. झालेली चूक रोमच्या धर्मपीठाने १९९२ मध्ये उघडपणे मान्य केली.

गॅलिलिओ नमला खरा. परंतु त्याचे काम थांबले नाही. कैदेत त्याने गतिविषयक ग्रंथ पुरा केला. तो १६३८ मध्ये हॉलंडातील लायडन येथे छापला गेला, तेव्हा कर्त्याची दृष्टी पूर्णपणे गेली होती. तरीही शिष्यांकरवी लिहवून घेत तो अखेरपर्यंत अभ्यास करीत राहिला. जानेवारी १६४२ मध्ये त्याने देह ठेवला.

पुढे १६८७ मध्ये न्यूटनने हा विचार आपल्या पहिल्या नियमात पूर्णपणे मांडला, आणि वस्तुमान व वेग यांच्या गुणाकाराने गती मापिली. यासच संवेग म्हणतात. म्हणून सारख्याच वेगाने येणारी रिकामी हातगाडी आपण थोपवू शकतो, भरलेली थोपवत नाही.

विद्यार्थ्यांनो, चालत्या गाडीतून उडी टाकू नका, असे आम्ही वारंवार सांगतो. पाय जमिनीवर थांबतात. अंगी मात्र गाडीची गती असते. ही ताकीद पाळताना, डोळे गेल्यावरही ज्याने शोध सोडला नाही, त्या वृद्धाचेही स्मरण ठेवा.