पुण्यश्लोक अहिल्याबाई : सून आणि आई

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तळोदे गाव आहे. होळकरांच्या घराण्याचे मूळ तिथल्या बारगळांच्या घराशी गुंतलेले आहे, हे आपल्या खानदेशी वारकऱ्यांतही फार थोड्यांना ठाऊक असते. मल्हारराव होळकर मूळचे जेजुरीजवळच्या होळ गावचे, जन्म १६९३ चा. लहानपणीच वडील गेले आणि आई लेकराला घेऊन तळोद्याला आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे आली. मल्हारराव मामाच्या घरी वाढले. पुढे मामांनी आपलीच मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. ही तळोद्याची लेक म्हणजे अहिल्याबाईंची सासू.

अहिल्याबाई चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांची कन्या. जन्म ३१ मे १७२५. आठव्या वर्षी, १७३३ साली, त्या होळकरांची सून होऊन आल्या. नवरा खंडेराव, मल्हाररावांचा एकुलता एक. शूर होता, त्यात वाद नाही. पण नशापाणी आणि छंदफंद यांकडे त्याचा ओढा होता आणि घरात आणखी बायकाही होत्या, अशीच हकीकत परंपरेने चालत आलेली आहे. नवऱ्याच्या वागण्याचा ताप सोसायचा आणि घराची अब्रू सांभाळायची, हे त्या काळच्या सुनेच्या वाट्याला यायचंच. अहिल्याबाईंना सासू-सासरे मात्र भले मिळाले. गौतमाबाईंनी घर आणि खासगीचा कारभार शिकवला; मल्हाररावांनी हिशेब, दप्तर, फौजेची व्यवस्था सोपवली. जो आधार नवऱ्याने द्यायचा तो सासऱ्याने दिला.

१७४५ साली मालेराव झाला, १७४८ साली मुक्ताबाई. १७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांना तोफेचा गोळा लागला. अहिल्याबाई सती जायला निघाल्या तेव्हा म्हाताऱ्या सासऱ्याने पदर पसरला. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई राहिल्या. तेव्हा मालेराव नऊ वर्षांचा.

पुढची बारा वर्षे त्या सासऱ्याचा उजवा हात होऊन राबल्या. १७६५ साली तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याचा हुकूम मल्हाररावांनी सुनेलाच पाठवला होता, यावरून काय ते समजा. १७६१ साली गौतमाबाईही गेल्या होत्या. बाप नाही, आजोबा सदा मोहिमेवर, आई कामाच्या रगाड्यात. असं पोर कसं वाढतं ते आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेलं आहे. मालेरावाचं बिघडायला एवढंच कारण झालं असं आम्ही म्हणणार नाही, पण हे सोडून त्याला बोल लावणंही आम्हांला बरं वाटत नाही.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले आणि सुभेदारी एकवीस वर्षांच्या मालेरावाकडे आली. आई देवाब्राह्मणांना दान करी, तर हा दानाच्या वस्त्रांत आणि जोड्यांत विंचू सोडी. रुपयांच्या घागरीत विषारी प्राणी ठेवी आणि हात घालणारा कळवळला की हसे. आई रडे, आणि ज्यांना इजा झाली त्यांची भरपाई करी. दिंडीत टाळ धरून चालणाऱ्या कितीतरी बाया असं पोराचं दुःख पदरात बांधून चालतात. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग एक भयंकर गोष्ट घडली. वाड्यातल्या एका दासीवरून संशय घेऊन मालेरावाने एका कशिदा काढणाऱ्या कारागिराला ठार मारले. तो निरपराध होता, हे मागाहून कळले. पश्चात्तापाने मालेरावाचे मन फिरले. त्या कारागिराचे भूत अंगात आले आहे, असे तो आणि भोवतालचे लोक मानू लागले. अहिल्याबाई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून असत. त्याच्या तोंडून बोलणाऱ्या त्या मेलेल्या माणसाची त्या विनवणी करीत : तुझे देऊळ बांधते, तुझ्या बायकामुलांना जहागीर देते, माझ्या लेकराला सोड. उत्तर एकच येई, की मला विनाअपराध मारले, मी याचा जीव घेणार. १७६७ च्या वसंतात मालेराव गेला. सुभेदारी वर्षभरही लाभली नाही.

आता आमच्या कीर्तनकार मंडळींना एक नम्र विनंती. मालेरावाच्या रथाखाली वासरू मेले, आणि न्यायनिष्ठ आईने त्याला तशाच मरणाची शिक्षा फर्माविली, ही कथा तुम्ही रंगवून सांगता आणि श्रोते डोलतात. तशीच्या तशी कथा तमिळ देशात तिरुवारूरच्या चोळ राजाची म्हणून कित्येक शतके चालत आली आहे. आईनेच मुलाला संपविले, अशी वदंता माळव्यात पूर्वीही होती. माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंच्या मागे पंचवीस-तीस वर्षांतच, त्यांना पाहिलेली माणसे हयात असताना, तिची चौकशी केली. वदंता खोटी ठरली. उशाशी बसलेली आई हीच खरी हकीकत त्याला मिळाली. वर दिलेली मालेरावाची कथाही त्याच्या १८२३ च्या ग्रंथातून आलेली आहे. मग खरी आई टाकून रथाची कथा कशाला सांगावी? न्यायी म्हणून ती मोठी होतीच. पोटच्या गोळ्यापुढे मात्र ती तुमच्या-आमच्या आयांसारखीच होती, आणि त्याने तिच्यात काही उणे येत नाही.

मालेराव जाताच कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी राघोबादादांशी संधान बांधून दौलत हाताखाली घेण्याचा बेत केला. तो बाईंनी माधवराव पेशव्यांच्या संमतीने मोडून काढला आणि महेश्वरी राजधानी नेली. सासऱ्याच्या वेळेपासून साठलेल्या खजिन्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवून पाणी सोडले होते. त्या द्रव्यातून काशीचे विश्वेश्वर मंदिर उभे राहिले, सोमनाथला नवे देऊळ झाले, गावोगाव घाट आणि विहिरी झाल्या. पंढरीत चंद्रभागेजवळचा होळकर वाडा आणि त्यातले राममंदिर त्यांचेच.

मुक्ताबाईचाही वियोग त्यांना पाहावा लागला. नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले, आणि १७९१ साली मुक्ताबाई सती निघाली. सासऱ्याने जशी एकदा आपल्याला विनवणी केली तशीच त्यांनी लेकीला केली; ती मानली नाही. बाई चितेपर्यंत चालत गेल्या, दोघांनी त्यांचे हात धरले होते. पुढे तिथे त्यांनी छत्री बांधविली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी नर्मदेकाठी त्यांनी देह ठेवला.