शंभूराजांची आजी

मैत्रिणींनो, जिजाऊ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मांडीजवळ बाळ शिवबा आणि त्याला गोष्टी सांगणाऱ्या माँसाहेब. शाळेच्या पुस्तकापासून जयंतीच्या फलकापर्यंत हेच चित्र. मला मात्र हल्ली त्या आठवतात आजी म्हणून. आपल्या शहराला २०२३ मध्ये ज्यांचं नाव मिळालं, त्या संभाजीराजांना लहानाचं मोठं केलं ते या आजीनं.

आणि जिजाऊ आपल्याला काही लांबच्या नाहीत. माहेर सिंदखेडराजाचं, जालन्याच्या पुढचं. सासर तर आपल्याच जिल्ह्यातलं, वेरूळचं. घृष्णेश्वराला आपण जातो ना, त्याच गावात भोसल्यांची गढी होती. १५९८ साली लखुजी जाधवरावांच्या घरात जन्मलेली ही लेक मालोजीराजांची सून होऊन वेरूळच्या भोसल्यांच्या घरात आली.

माहेर मोठं, सासर मोठं, पण दोन्ही घरांत वैर. निजामशाहीच्या दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्या गोंधळात जाधव नि भोसले एकमेकांवर तुटून पडले. एकाच दिवशी जिजाऊंचा भाऊ दत्ताजी गेला आणि चुलतदीर संभाजीही गेला. अशा वेळी बाईनं कुणासाठी रडायचं, सांगा बरं! पुढे जुलै १६२९ मध्ये दौलताबादेच्या किल्ल्यात निजामशहानं लखुजीराव, त्यांची दोन मुलं आणि एक नातू यांना दगा करून मारलं. वेरूळला जाताना एसटीच्या खिडकीतून आपण पाहतो तोच हा किल्ला. तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवराय जन्मले.

पुण्याची ओसाड जहागीर वसवली, लोकांचे तंटे सोडवले, शिवरायांना घडवलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच काळात, १६५५ च्या सुमारास, थोरला लेक संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारला गेला. दोनेक वर्षांनी, १४ मे १६५७ ला पुरंदरावर नातू झाला. त्याला गेलेल्या काकाचंच नाव ठेवलं. आजीच्या तोंडी पुन्हा तेच नाव आलं. दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ गाडे आली.

५ सप्टेंबर १६५९ ला सईबाई गेल्या. बाळ सव्वादोन वर्षांचं. अफझलखान स्वराज्यावर चालून आलेला. शिवराय प्रतापगडाच्या तयारीत, आणि घरात आईविना पोर. जिजाऊ तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयात बाई म्हणते, आता पोथी हातात घेऊ. त्यांनी नातवाला हातात घेतलं.

त्यानंतरही सुख थोडंच होतं. जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजे गेले. पुढच्याच वर्षी पुरंदरचा तह झाला आणि आठ वर्षांच्या शंभूराजांना मोगलांच्या छावणीत ओलीस म्हणून राहावं लागलं. १६६६ मध्ये तर लेक आणि नातू दोघंही आग्र्याला निघाले. जाताना याच आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, त्यांचा मुक्काम पडला होता. आग्र्यात औरंगजेबानं दोघांना नजरकैदेत टाकलं. इकडे राजगडावर जिजाऊ राज्याचा कारभार बघत होत्या. आपलं पोर शहरात परीक्षेला गेलं आणि रात्रीपर्यंत फोन आला नाही, तर आपला जीव कसा होतो! त्यांनी महिनोन्‌महिने काढले. बरं, शिवराय परतले तेव्हा नातू सोबत नव्हता. त्याला मथुरेत ठेवून यावं लागलं होतं. तो सुखरूप घरी आला ते नंतर.

हा नातू पुढे संस्कृत शिकला, बुधभूषण नावाचा ग्रंथ त्यानं लिहिला, तलवारही तितकीच चालवली. ते श्रेय गुरूंचं, वडिलांचं, त्याचं स्वतःचंही. पण ज्या घरात आई नाही, त्या घरात मुलाला रोज जवळ घेणारं, त्याच्या जेवण्याखाण्याकडे बघणारं एक माणूस लागतं. ते काम आजीनं केलं.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, गडाखालच्या पाचाडला जिजाऊ गेल्या. शंभूराजे सतरा वर्षांचे होते. पुढे वारशावरून घरात तेढ वाढली. डिसेंबर १६७८ मध्ये ते दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभरात परतले. इतिहासकार त्याची कारणं राजकारणात शोधतात, ते बरोबरच आहे. पण मला बाई म्हणून राहवत नाही. दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारी, कान धरायचा अधिकार असलेली म्हातारी त्या घरात तेव्हा असती तर?

आज आपल्या गल्लीतही अशा आज्या आहेत. सून गेली, लेक कामाला परगावी, आणि गुडघे धरत त्या नातवाला शाळेत सोडतात. आता वयाप्रमाणे होतंच, असं म्हणून आपण त्यांचं काम मोजत नाही. येत्या १२ जानेवारीला जिजाऊंच्या तसबिरीला हार घालाल, तेव्हा अशा एखाद्या आजीकडेही जाऊन या. तिच्या गुडघ्यांची चौकशी करा आणि एक दिवस तिच्या नातवाला तुम्ही शाळेत सोडा.